'माझ्याकडून झालं' आणि 'मी केलं' : देवासमोर पाप कबूल करण्याबद्दल

ओंजळ
हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी काढतेच.

आमच्या उपासनेत दर रविवारी पापांगीकाराची प्रार्थना असते. जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही, जे करायला नको होतं ते केलं, असं सगळे एका सुरात म्हणतो. लहानपणापासून पाठ आहे. इतकी पाठ की ती म्हणता म्हणता पुढच्या बाकावरचं पोर बुटाच्या नाड्यांशी काय खेळतंय ते मी आरामात बघू शकते.

दोन महिन्यांपूर्वी ऑफिसात एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. व्हाउचर नव्याने लागलेल्या मुलीने बनवलं होतं, पण तपासून पास करायचं काम माझं. त्या दिवशी मी ते न उघडताच पास केलं. बोलणी तिने खाल्ली, तीही सगळ्यांदेखत. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. स्क्रीनवर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखी बघत होते. रात्री प्रार्थनेत म्हटलं, "प्रभू, आज माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा कर." आणि झोपले. छान झोप लागली हो, तेच तर सांगते आहे.

ते 'असेल तर' मला तीन आठवड्यांनी टोचलं. बायबलातलं दावीद राजाचं स्तोत्र ५१ वाचत होते. "मी आपले अपराध जाणून आहे, माझे पाप माझ्यापुढे नित्य आहे." दाविदाच्या तोंडी कुठे 'असेल तर' नाही. मग वही घेतली आणि त्या दिवशीचं एका वाक्यात लिहायचं ठरवलं. पहिलं वाक्य आलं, 'ऑफिसात एक गडबड झाली.' खोडलं. 'माझ्याकडून तपासायचं राहिलं.' राहिलं! जणू ते आपल्या पायांनी मागे राहिलं. तेही खोडलं. 'तिला उगाच बोलणी बसली.' चौथ्या खेपेला कुठे उतरलं, 'मी न बघता पास केलं आणि तिला बोलणी खाऊ दिली.' ते 'दिली' लिहिताना पेन अडलं.

मराठीत किती सोय आहे बघा. कप फुटतो, दूध उतू जातं, उशीर होतो, तोंडातून शब्द निघून जातो. करणारा कुठेच नसतो.

तर विचारायचं असं की देवासमोर पाप कबूल करणं म्हणजे नेमकं काय करणं? ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला सांगून काय होतं? आणि त्याला सांगितलं की संपलं, की त्या मुलीकडेही जावं लागतं? (शेवटच्याचं उत्तर मला बहुधा माहीत आहे. म्हणूनच दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचंय.)

पायवाट
'चुकलं असेल तर' वाचून हसलो. मग लक्षात आलं की काल रात्री मीही तेच म्हणून झोपलोय.

जुनी_वही
ओंजळताई, तुम्ही व्याकरणातून जिथे पोचलात तिथे ग्रीक नव्या करारातला शब्दही पोचतो. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) 'कबूल करणे' यासाठी होमोलोगेओ हे क्रियापद आहे. होमो म्हणजे तेच, लेगो म्हणजे बोलणे. त्या कृत्याला देव जे नाव देतो तेच नाव आपण देणे. देव चोरीला चोरी म्हणत असेल आणि मी 'तात्पुरतं वापरलं' म्हणत असेन, तर मी रात्रभर रडलो तरी ती कबुली नव्हे, कारण आमची दोघांची वाक्यं जुळत नाहीत.

आपल्या मराठी बायबलात त्या वचनाचं भाषांतर मला फार आवडतं: "जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, म्हणून आपल्या पापांची क्षमा करील." एरवी आपण म्हणतो, 'कशाला पाप पदरी घेता?', म्हणजे ते करू नका. इथे उलट आहे. पाप करून झालंय, पण ते अंगणात बेवारस पडलंय. कुणाचं म्हणून विचारलं तर जो तो दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो. योहान म्हणतो, ते उचल आणि पदरात घे, तुझंच आहे. एकदा तुझं म्हटलंस की मग ते तुझ्याकडून काढून घेता येईल. जे आपलं नाहीच असं मी म्हणतो, त्याची क्षमा मागू तरी कशी?

आणखी एक गोष्ट. वचनात 'तो दयाळू आहे म्हणून' असं नाही, 'विश्वसनीय व न्यायी' असं आहे. ख्रिस्ताने वधस्तंभावर ते ऋण फेडलेलं आहे, म्हणून क्षमा करणं हा आता देवाच्या लहरीचा प्रश्न राहत नाही, त्याच्या शब्दाचा आणि न्यायाचा होतो. माझी कबुली ही क्षमेची किंमत नाही. हे जिथे निसटतं तिथे कबुलीचा व्यापार होतो.

शंकासुर
मी ख्रिस्ती नाही, देव मानतो की नाही तेही धड ठरलेलं नाही, तरी विचारतो. सर्वज्ञ देवाला माहिती पुरवण्यात काय अर्थ आहे? आणि दर आठवड्याला पाटी पुसून मिळणार असेल तर माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहायला मोकळा. बाहेरून बघणाऱ्याला हे असंच दिसतं. राग मानू नये.

पायवाट
राग कसला. आतून बघणाऱ्यालाही कधीकधी असंच दिसतं.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. फळ खाऊन आदाम झाडांत लपलाय आणि देव विचारतो, तू कोठे आहेस? देवाला ते झाड सापडत नव्हतं असं कुणी मानत नाही. प्रश्न लपलेल्यासाठी आहे. आदामाचं उत्तर ऐका: जी स्त्री तू मला सोबतीला दिलीस तिने मला फळ दिलं. एका वाक्यात बायकोवरही ढकललं आणि 'तू दिलीस' म्हणून देवावरही. स्त्रीने पुढे सर्पावर ढकललं. सर्पाला कुणी विचारलंच नाही, नाहीतर त्याच्याकडेही कुणीतरी असतंच.

काठावरचा
शौल आणि दावीद ही जोडी इथे यायलाच हवी. दोघे राजे, दोघांच्या तोंडी 'मी पाप केले आहे' हेच शब्द, आणि परिणाम एकदम उलटे. असं का, हे मला कॉलेजात असल्यापासून छळत होतं.

१ शमुवेल १५ वा. शत्रू अमालेकी लोकांचं काही राखू नकोस असा शौलाला देवाचा हुकूम होता (तो हुकूम आज वाचताना अंगावर येतो, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय). शौल परत येतो आणि शमुवेल संदेष्ट्याला मोठ्या तोंडाने सांगतो, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानांवर हे मेंढरांचं बेंबावणं कसलं येतंय? सगळ्या बायबलात इतका खवचट प्रश्न दुसरा नसेल. मग शौलाची माघार पायरीपायरीने बघा. लोकांनी राखली. चांगली चांगलीच राखली. तीही तुझ्या देवाला यज्ञ करायला. अगदी कोंडीत सापडल्यावर 'मी पाप केले', पण लगेच शेपूट: मला लोकांची भीती वाटली. आणि शेवटी पुन्हा 'मी पाप केले, तरी' वडील जनांसमोर माझा मान राख. त्याला क्षमेपेक्षा फोटो महत्त्वाचा होता.

दाविदाचं पाप खरं तर जास्त भयंकर. दुसऱ्याची बायको बथशेबा, वर तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा, पद्धतशीर खून. नाथान संदेष्टा त्याला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो, दावीद संतापतो, आणि नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. त्यावर दाविदाचं उत्तर मूळ हिब्रूत दोन शब्दांचं आहे: मी पाप केलं, परमेश्वराविरुद्ध. पुढे 'पण' नाही, 'तरी' नाही. ओंजळताईंच्या चौथ्या वाक्यासारखं.

शंकासुर, तुमच्या पाटीबद्दल. दाविदाला क्षमा त्याच क्षणी मिळते, पण त्याच भेटीत नाथान सांगतो की तलवार तुझ्या घराला सोडणार नाही. पुढचे अध्याय वाचा, घर उद्ध्वस्त होतं. पाटी पुसली म्हणावं तर असं.

मेणबत्ती
मी कॅथलिक आहे, माझ्याकडचं सांगते. आमच्याकडे हे सगळं देवाला मनातल्या मनात सांगून भागत नाही, प्रायश्चित्त संस्कारात फादरांसमोर तोंडाने म्हणावं लागतं. इ.स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून निदान एकदा कन्फेशन करायचा नियम आहे. गंभीर पापं मोघम सांगून चालत नाहीत. काय केलं आणि किती वेळा, हे सांगायचं. लहानपणी मला हे पोलीस चौकीसारखं वाटायचं.

मोठेपणी एकदा गेले तेव्हा सासूबाईंशी महिनोन्‌महिने अबोला धरला होता. जाळीपलीकडे म्हटलं, "फादर, मी घरच्यांशी प्रेमाने वागले नाही." ते थोडं थांबले आणि हळूच विचारलं, "घरच्यांशी म्हणजे कुणाशी?" बस, एवढंच. त्या एका शब्दात सगळं बाहेर आलं. मी एकटी देवाशी बोलत असते तर 'घरच्यांशी'वरच उठले असते.

आणि तिथे बोललेलं तिथेच राहतं. फादर ते कुणालाही, कोर्टालाही, कुठल्याही कारणाने सांगू शकत नाहीत. चर्चच्या कायद्यात त्याला अपवाद नाही.

गव्हाळी
मेणबत्तीताई, अनुभव छानच. पण देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, असं पौल तीमथ्याला स्पष्ट लिहितो. क्षमा करायचा अधिकार माणसाला कुठून आला?

मेणबत्ती
योहान २०:२३. पुनरुत्थानानंतर प्रभू शिष्यांना सांगतो, ज्या कुणाच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा झाली आहे. आम्ही मानतो की क्षमा देवच करतो, फादरांच्या तोंडून. तुम्ही ते वचन वेगळं लावता, ठाऊक आहे.

जुनी_वही
या वादात दोन्हीकडचे लोक प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरला विसरतात. १५१७ च्या त्याच्या ९५ प्रबंधांतला पहिलाच असा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी प्रभूची इच्छा आहे. पण त्याने खाजगी कबुली मोडीत काढली नाही. लूथरपंथीयांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासपत्रात खाजगी क्षमावचन मंडळीत राखावं असं लिहिलंय, फक्त एकूण एक पाप मोजून सांगायची सक्ती नको. ऑर्थडॉक्स परंपरेत माणूस ख्रिस्ताच्या प्रतिमेकडे तोंड करून कबुली देतो आणि पुरोहित बाजूला साक्षीदार म्हणून उभा असतो. आणि याकोब (५:१६) तर सरळ सांगतो, आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा. आम्ही प्रोटेस्टंट मंडळी 'आम्हाला फादर लागत नाही' हे अभिमानाने सांगतो. खरंय. पण मग आम्हाला कुणीच लागत नाही असं होऊन बसलंय. मेणबत्तीताईंना 'कुणाशी?' विचारणारं कुणीतरी आहे. मला गेल्या कित्येक वर्षांत तसं कुणी विचारलेलं नाही.

उन्हातली
मी वाचनमात्र असते. आज राहवत नाही म्हणून लिहिते.

आईच्या ऑपरेशनसाठी जमवलेले पैसे आमच्या एका जवळच्या नातेवाइकाने स्वतःच्या धंद्यात घातले. ऑपरेशन लांबलं. आई वाचली, पण तेव्हापासून काठी घेऊन चालते. काही वर्षांनी त्याच माणसाने प्रार्थनासभेत साक्ष दिली. रडला. मी मोठा पापी होतो, देवाने माझं सगळं धुऊन टाकलं म्हणाला. लोक 'आमेन' म्हणाले, काहींनी मिठी मारली. आई तिसऱ्या रांगेत बसली होती, काठी बाकाला टेकवून. सभा संपल्यावर तो दुसऱ्या दाराने गेला.

आणि वर तुम्ही ज्या ५१ व्या स्तोत्राचं कौतुक करताय त्यात चौथ्या ओवीत काय आहे? "तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे." 'तुझ्याविरुद्धच'? मग उरीया कोण होता? ते स्तोत्र वाचताना मला दर वेळी त्या मेलेल्या शिपायाचं वाईट वाटतं. देवाकडे कबुली देणं ही पळवाट होऊ शकते हो. देव दिसत नाही, काठी टेकत समोर येत नाही.

पायवाट
...

जुनी_वही
उन्हातली, तुमच्या प्रतिसादाला लगेच उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. त्या नातेवाइकाची बाजू घ्यायला माझ्याकडे काही नाही.

उरीयाबद्दल मात्र सांगतो. 'तुझ्याविरुद्धच' याचा नेहमीचा खुलासा असा की माणसाविरुद्धचं पाप मुळात त्या माणसाच्या निर्माणकर्त्याविरुद्ध असतं. हा खुलासा बरोबर आहे, पण तेवढ्याने माझंही समाधान होत नाही. मला दिलासा वाटतो तो असा की दाविदाच्या ओळीत उरीया नसला तरी देव त्याला गाळत नाही. नाथानाच्या तोंडून देव त्याचं नाव घेऊन बोलतो: तू उरीया हित्तीला तलवारीने मारलंस. आणि मत्तयाच्या पहिल्याच पानावर येशूची वंशावळ आहे, तिथे शलमोनाच्या आईचं नाव बथशेबा असं दिलेलं नाही. 'उरीयाची पत्नी' असं लिहिलंय. म्हणजे दाविदाच्या पापाला क्षमा मिळाली, पण ज्याच्यावर ते केलं त्याचं नाव ख्रिस्ताच्या वंशावळीत कायमचं कोरलं गेलं. देवाच्या लेखी क्षमा करणं म्हणजे तुमच्या आईला विसरणं नव्हे.

बाकी शास्त्र याबाबत मुळीच संदिग्ध नाही. गणना ५ मध्ये नियम आहे: दोषी माणसाने पाप कबूल करावं, ज्याचं नुकसान केलं त्याला पूर्ण भरपाई द्यावी आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर लुबाडलेलं चौपट परत करायला उभा राहिला. आणि प्रभू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. म्हणजे तुमच्या नातेवाइकाने व्यासपीठावरून उतरून आधी तिसऱ्या रांगेत यायला हवं होतं, साक्ष नंतर.

उन्हातली
'उरीयाची पत्नी' कधी लक्षातच आलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, परत वाच.

दवबिंदू
माझा त्रास सगळ्यांच्या उलटा आहे. मी कबूल करून थांबतच नाही. एखादं पाप सांगते, मग वाटतं नीट सांगितलं नाही, पुन्हा सांगते. मग वाटतं पुरेसा पश्चात्ताप वाटला नाही, त्याबद्दल वेगळी क्षमा. रात्रीचे दोन वाजतात. हा धागा वाचून तर आता 'कर्ता' नीट घातला का तेही तपासत बसेन.

काठावरचा
दवबिंदू, तुम्ही थोरांच्या पंगतीत आहात. तरुणपणी मठात असताना लूथर तासन्‌तास कन्फेशन करायचा. बाहेर पडला की काहीतरी आठवायचं आणि पुन्हा आत. त्याचे गुरू श्टाउपिट्झ पार वैतागत, पण त्यांनीच त्याला स्वतःवरची नजर उचलून ख्रिस्ताच्या जखमांकडे बघायला शिकवलं.

मला तुमच्यासाठी येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट सुचते. बापाकडून घेतलेली वाटणी उडवून, डुकरांमध्ये बसून तो भाषण तयार करतो: बापा, मी पाप केलं आहे, तुमचा पुत्र म्हणवायच्या लायकीचा नाही, मला एका चाकरासारखं ठेवा. घरी पोचल्यावर लूक १५:२१ ताडून बघा. तो बोलायला लागतो, 'लायकीचा नाही' इथवर येतो आणि चाकराचं वाक्य येतच नाही. बाप मध्येच दासांना झगा आणायला सांगतो. भाषण अपुरंच राहतं. बापाला भाषण पुरं करून घ्यायचंच नव्हतं.

प्रभूला धरून देणाऱ्या यहूदालाही कबूल होतं हो, 'मी पाप केले' हे तोही म्हणाला. पण तो ते घेऊन याजकांकडे गेला आणि त्यांनी हात झटकले. प्रभूला ओळखत नाही म्हणणारा पेत्रही तितकाच रडला, आणि प्रभू किनाऱ्यावर दिसल्याबरोबर त्याने पाण्यात उडी टाकली. रडण्याचं माप सारखंच असेल कदाचित, तोंड कुणीकडे होतं ते वेगळं.

मेणबत्ती
आणि दवबिंदू, आमच्याकडे अशा वेळी फादर सरळ सांगतात, जुनं पाप पुन्हा आणायचं नाही, ते झालं. त्याचा फार उपयोग होतो. पण रोज रात्री दोन वाजत असतील तर डॉक्टरांनाही दाखवा. हा विचारांच्या फेऱ्यांचा आजारही असतो, त्यावर उपचार आहेत आणि ते घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

दवबिंदू
धन्यवाद ताई. हे देवळात कुणी म्हटलं नव्हतं.

शंकासुर
देवाबद्दल अजून तिथेच आहे, पण 'झालं' आणि 'केलं' डोक्यातून जात नाही. आमचं कार्यालयीन मराठी म्हणजे कर्ता लपवायचं शास्त्रच. 'सदर बाब अनवधानाने राहून गेली असल्याचे निदर्शनास आले आहे.' कोणाच्या अनवधानाने? कोणाच्या निदर्शनास? असली वाक्यं मी आयुष्यभर लिहिली आहेत. काल मुलीशी आवाज चढला, नंतर तिला म्हणायला गेलो, 'अगं, रागात बोललं गेलं', आणि तोंडातच अडकलं. 'मी बोललो' म्हटलं. ती चमकून बघायला लागली.

गव्हाळी
ओंजळताई कुठे गायब झाल्या?

ओंजळ
इथेच आहे, सगळं वाचत होते. उन्हातलींचा प्रतिसाद वाचला त्या रात्री ठरवलं.

परवा जेवणाच्या सुट्टीत तिला गाठलं. घसा कोरडा पडला होता. म्हटलं, ते बिल मी न बघता पास केलं होतं, तुला बोलणी बसत होती तेव्हा मी गप्प बसले. इतकंच. 'कामाचा ताण होता' हे जिभेवर आलं होतं, ते गिळलं. मला वाटलं होतं, ती चिडेल किंवा रडेल किंवा जाऊ दे म्हणेल. ती डबा बंद करत म्हणाली, "मॅडम, माझं कन्फर्मेशन याच महिन्यात आहे. हे साहेबांना सांगाल का?"

याचा विचार मी केलाच नव्हता. माझ्या डोक्यात सगळं माझ्या मनाच्या शांतीभोवती चाललं होतं, तिला मात्र नोकरीची काळजी होती. जक्कयाचं चौपट म्हणजे काय ते त्या मिनिटाला कळलं.

आत्ता साहेबांना मेल लिहीत बसले आहे. पहिली ओळ आपोआप अशी टाइप झाली (बघा, पुन्हा 'झाली'): 'त्या बिलाच्या तपासणीत माझ्याकडून चूक झाली होती.' खोडली आहे.

पायवाट
पाठवली की सांगा.

ओंजळ
पाठवली.